कवच कशाचे आहे?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो, तेव्हा खरेदीदाराचा हात आधी ढिगात जातो. हळकुंड मोडून आतील गाभ्याचा रंग पाहायचा, वास घ्यायचा, मोडतानाच्या आवाजावरून ओल किती राहिली आहे ते ओळखायचे आणि मगच भाव बोलायचा. ढिगाचा माथा चांगला आणि तळ हलका असू शकतो, हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक असल्याने केवळ वरचा माल पाहून कोणी बोली लावीत नाही. याच व्यापाऱ्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर मात्र जीवनसत्त्वांच्या डब्यांची जी रांग उभी असते, तीतील एकाही डब्याची अशी पारख झालेली नसते. एक जाहिरात पाहून आणलेला, दुसरा व्याह्यांनी सुचविला म्हणून ठेवलेला, तिसरा व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलाचा. पेढीवर पन्नास पोत्यांसाठी तासभर घासाघीस करणारा माणूस रोज पोटात जाणारी वस्तू अर्ध्या मिनिटात घेऊन मोकळा होतो.

हळदीचा व्यापार करणाऱ्या अशाच एका घरातील वडीलधाऱ्या श्राविकेला सगळे 'बाई' म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. नवकारसी आणि चौविहार वर्षानुवर्षे चुकलेले नाहीत. चैत्र व आश्विनातील आयंबिलाच्या ओळी ठरलेल्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी दहा-अकरा वर्षे चालू आहे. गेल्या वर्षी त्यांच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. मग चालताना पायातली चप्पल निसटली तरी कळेनासे झाले. सामायिक आटोपून कटासन्यावरून उठताना तोल जाऊ लागला. वय झाले, असे घरातल्यांनी म्हटले आणि बाईंनीही तेच मान्य केले. एका डॉक्टरांनी नसांच्या बळकटीसाठी कॅप्सूल लिहून दिली. तीन महिन्यांनी पाहिले तर फरक शून्य. मग थोरल्या सुनेला पूजेच्या कपाटात, माळेच्या डबीखाली, कॅप्सूलच्या न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या.

घरात बराच संताप झाला. हट्ट, अज्ञान, म्हातारपण असे सगळे शब्द उच्चारून झाले. बाई एवढेच म्हणाल्या, "वरचं कवच कशाचं आहे, ते मला कोणी सांगितलंच नाही."

प्रश्न अगदी रास्त होता. बहुतेक कॅप्सूलचे कवच जिलेटीनचे असते आणि जिलेटीन जनावरांची हाडे व कातडी उकळून, त्यांतील कोलॅजनपासून तयार होते. टणक कॅप्सूल वनस्पतिजन्य सेल्युलोजपासूनही बनते. मात्र आत तेल असलेली मऊ, पारदर्शक कॅप्सूल बहुधा जिलेटीनचीच असते. घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी कोणीही हे वाचून पाहिले नव्हते, आणि ज्यांनी विचारले त्या अडाणी ठरल्या होत्या. पण बाईंच्या मौनाची किंमतही मोठी होती. पुढच्या तपासणीत बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी ११८ निघाली. ही पातळी साधारणपणे २०० पिकोग्रॅमच्या खाली गेली की कमतरता धरतात. नसांची हानी फार काळ चालू राहिली, तर ती पुरती भरून येत नाही.

बी-१२ विषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक, शाकाहारात सर्व काही आहे, गोळ्यांची गरज नाही. दुसरे, शाकाहारामुळेच हे सारे होते. दोन्ही अपुरी आहेत. हे जीवनसत्त्व ना वनस्पती तयार करते, ना प्राणी. ते केवळ जिवाणू तयार करतात. प्राण्यांच्या शरीरात ते साठते, म्हणून मांसाहारात मिळते. आपल्या आहारात त्याचा भरवशाचा मार्ग दूध, दही, ताक आणि पनीर एवढाच. प्रौढ माणसाची रोजची गरज केवळ दोन ते अडीच मायक्रोग्रॅमची आहे. यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून आयंबिलाच्या ९ दिवसांत दूध-दही वर्ज्य केल्याने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. मात्र ज्याचे दूध एरवीही चहापुरतेच उरले आहे, त्याची शिल्लक हळूहळू उतरत असते. त्यात मेटफॉर्मिनसारखी गोळी किंवा आम्लपित्तावरची रोजची गोळी बी-१२चे शोषण कमी करते. बाईंच्या खात्यात जमा थोडी आणि गळती जास्त, अशी स्थिती होती. मधुमेहाची गोळी यासाठी बंद करायची नसते, बी-१२ची भर घालायची असते. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण घरात पहिली सूचना गोळी बंद करण्याचीच आली.

हा प्रश्न एका घराचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतील गर्भवतींचा दीर्घ अभ्यास केला. त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांत बी-१२ कमी होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसले, की ज्या मातांचे फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती. फोलिक अॅसिड गर्भारपणात आवश्यकच आहे, पण बी-१२ची उणीव तशीच ठेवून नुसते फोलिक अॅसिड भरपूर घेतले तर रक्ताचा अहवाल सुधारतो आणि नसांची झीज मात्र झाकलेली राहते. बाईंची धाकटी सून त्या वेळी पाचव्या महिन्यात होती. तिच्याही रक्ताची तपासणी झाली आणि तिचा आकडाही कमीच निघाला. बाईंच्या पट्ट्या सापडल्या नसत्या, तर हे कोणाच्या ध्यानात आले नसते.

आता गोळी निवडायची होती. प्रथम पुढे आले ते एक नातेवाईक, हिरव्या स्पिरुलिनाचा डबा घेऊन. लग्नसमारंभात भेटून पूरक आहाराचा डबा विकणारा एक तरी आप्त आता प्रत्येक घराण्यात आहे, आणि त्याला नकार देणे हे बी-१२ मिळविण्याहून अवघड काम आहे. डब्यावर बी-१२चा मोठा आकडा होता. परंतु स्पिरुलिनात जे असते ते बव्हंशी बी-१२सारखे दिसणारे द्रव्य. मानवी शरीराला त्याचा उपयोग होत नाही. शिवाय स्पिरुलिना म्हणजे पाण्यातली सूक्ष्म निळी-हिरवी शेवाळवर्गीय वाढ. शेवाळ अनंतकायात मोडते, हे लहानपणी पाठशाळेत शिकलेल्यांनी तो डबा 'शंभर टक्के शुद्ध शाकाहारी' म्हणून स्वीकारावा, याचे नवल वाटते.

येथे हिरव्या चिन्हाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार शाकाहारी पदार्थावर हिरवे वर्तुळ आणि मांसाहारी पदार्थावर तपकिरी त्रिकोण असतो. पण त्या व्याख्येत दूध आणि दुधाचे पदार्थ यांच्याबरोबरच मध, मेण आणि लाखही मांसाहारात धरलेली नाहीत. गोळीला चकाकी देणारे लाखेचे आवरण कीटकांच्या स्रावापासून येते. त्यावर हिरवे चिन्ह असू शकते. मधाचेही तसेच. म्हणजे हिरवे चिन्ह हा सरकारचा निकष झाला. श्रावकाचा निकष त्याहून सूक्ष्म आहे आणि तो पाळण्यासाठी घटकांची यादीच वाचावी लागते. आणखी एक गोष्ट अशी, की जी पट्टी औषध म्हणून विकली जाते तिच्यावर हे चिन्ह छापण्याची सक्तीच नाही. बाईंच्या पट्टीवर म्हणूनच ना वर्तुळ होते ना त्रिकोण.

थोरल्या मुलाचा हळद परदेशी पाठविण्याचा व्यवसाय असल्याने मालाच्या प्रत्येक लॉटबरोबर प्रयोगशाळेचा अहवाल जोडावा लागतो. कुरकुमीन किती, ओल किती, शिसे किती. त्याने तीच सवय येथे वापरली. तीन उत्पादकांना पत्र लिहून विचारले: कवच किंवा आवरण कशाचे, बी-१२ कोठून येते, आणि या बॅचचा तपासणी अहवाल मिळेल का? एकाकडून उत्तर नाही. दुसऱ्याकडून गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक आले. त्यात हसरे कुटुंब होते, अहवाल नव्हता. तिसऱ्याने बॅच क्रमांकासह अहवाल पाठविला आणि साधी दाबलेली गोळी असून बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून मिळविलेले आहे, असे स्पष्ट लिहिले. वास्तविक बाजारातील सर्वच बी-१२ किण्वनातून येते. तेथे प्राणिज काही नसते. अडचण द्रव्याची नसते, भोवतालच्या वेष्टनाची असते. तिसऱ्याची गोळी सर्वांत महाग नव्हती, हेही नोंदवायला हरकत नाही.

लेबल वाचण्याची कला हिशेबाच्या वहीपेक्षा कठीण नाही. चौदा अंकी परवाना क्रमांक आहे का आणि तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्याच नावाने दिसतो का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. पुढचा घोळ निव्वळ आणि ढोबळ वजनाचा. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम असे ठळक छापलेले असते, पण त्यातील प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, बाकीचा बारदाना. हेच कॅल्शियम कित्येकदा शिंपल्यांपासून काढलेले असते आणि 'नैसर्गिक स्रोत' असे त्याचे गुणगान होते. सांधेदुखीवरचे ग्लुकोसामीन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतून येते, आणि कोलॅजनची भुकटी तर प्राणिजच. काही डब्यांवर दहा-बारा वनस्पतींची नावे देऊन सगळ्यांचे मिळून एकच वजन लिहिलेले असते. दहा प्रकारच्या मालाचे एकत्र वजन लिहून पाठविलेले बिल कोणती पेढी मंजूर करील?

प्रथिनांच्या भुकटीत वेगळीच चलाखी चालते. प्रथिन मोजण्याची रूढ पद्धत नायट्रोजन मोजून अंदाज बांधण्याची आहे. म्हणून ग्लायसीनसारखे स्वस्त अमिनो आम्ल मिसळले की आकडा फुगतो, प्रथिन वाढत नाही. हा सारा प्रकार व्यायामशाळेत जाणाऱ्या नातवाला आजोबांनी समजावला, आणि मिरचीत रंग मिसळणाऱ्यांच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या त्या मुलाला तो चटकन उमगलाही.

मोठ्या आकड्याचा मोहही आवरावा लागतो. पन्नास टक्के सवलत मिळाली तर दुप्पट माल भरावा, हा हिशेब शरीराला लागू नाही. ५०० मायक्रोग्रॅम बी-१२च्या गोळीतून शरीर एका वेळी सातेक मायक्रोग्रॅमच उचलते. उरलेले वाया जाते, पण अपाय सहसा होत नाही. डी जीवनसत्त्वाचे तसे नाही. ६०,००० एककांची मात्रा बहुधा आठवड्याला एकदा, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या काळापुरतीच घ्यायची असते. ती रोजची समजून घेतल्याने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडापर्यंत धोका पोहोचल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. आणि हळदीच्याच व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावे असे एक: स्वयंपाकातली चिमूटभर हळद वेगळी आणि काळ्या मिरीच्या अर्कासह दिलेला कुरकुमीनचा तीव्र अर्क वेगळा. या अर्काने काहींच्या यकृताला इजा झाल्याचे परदेशी वैद्यकांनी नोंदविले आहे.

डी जीवनसत्त्वावरून घरात मतभेद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. बाजारातले बहुतेक डी-३ मेंढीच्या लोकरीवरील स्निग्ध द्रव्यापासून बनते. लोकर कापताना मेंढी मरत नाही, म्हणून चालेल, असे बाईंच्या यजमानांचे मत. ती मेंढी पुढे कोठे जाते, हा बाईंचा प्रश्न. यीस्टपासून मिळणारे डी-२ उपलब्ध आहे, पण रक्तातील पातळी टिकवून धरण्यात ते डी-३च्या मागे पडते. लायकेनपासून काढलेले डी-३ही आता मिळते. लायकेन म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या कुळातली वस्तू. ते महाग आहे, आणि बुरशी व शेवाळ यांचे सहजीवन असल्याने त्यातही सूक्ष्म जीवांचा विचार येतोच. पूर्ण निर्दोष असा पर्याय येथे नाही. कोणता दोष किती, याचा विवेक ज्याचा त्याने गुरुभगवंतांना विचारून करायचा. यजमान लोकरीचे घेतात, बाई दगडफुलाचे. एकाच टेबलावर दोन डबे आहेत आणि त्यांवर सुनेने नावे लिहून ठेवली आहेत.

बी-१२ साठी डॉक्टरांनी आधी इंजेक्शनांचा क्रम पूर्ण करून घेतला. एवढ्या मोठ्या उणिवेत नुसत्या गोळीवर विसंबणे त्यांना योग्य वाटले नाही. त्यानंतर गोळी सुरू झाली. ती नवकारसीनंतर, उकळलेल्या पाण्यासोबत. एकाशन असेल तेव्हा त्या एका बैठकीतच. सूर्यास्तानंतर काही घेण्याची वेळच येत नाही, आणि हे वेळापत्रक डॉक्टरांनी विनातक्रार मान्य केले. त्यांना कोणी आधी विचारलेच नव्हते, इतकेच. डी मात्र घरात आयंबिल नसलेल्या दिवशी, तूप असलेल्या जेवणाबरोबर, कारण स्निग्धाशिवाय ते नीट शोषले जात नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी धाकटी सून वेगवेगळ्या वेळी घेते. एकत्र घेतल्या तर एक दुसरीच्या वाटेत येते.

चार महिन्यांनंतर बाईंच्या तळपायांच्या मुंग्या पुष्कळ कमी झाल्या आहेत. डाव्या पायाच्या बोटांतली बधिरता राहिली आहे, आणि ती जाईलच असे डॉक्टर म्हणत नाहीत. घरात आता कोणतीही नवी पट्टी आली की ती आधी बाईंच्या हाती जाते. त्या चष्मा लावतात, बारीक अक्षरांवरून बोट फिरवतात आणि इंग्रजी शब्द नातीला मोठ्याने वाचायला लावतात. मागच्या आठवड्यात तिने 'शेलॅक' असे वाचले. बाईंनी पट्टी परत पाकिटात घातली आणि दुकानदाराकडे धाडून दिली.