तीन किलो की चाळीस पाऊंड?

आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप मागच्या महिन्यात जळाला. सात मजली बिल्डिंग, आणि नळाला पाणी कधी येणार याचे दिवस मोजण्यात वर्षं घालवलेलं शहर. आलेलं पाणी हौदात पडून राहिलं आणि वरची टाकी कोरडी, म्हणजे काय होतं ते वेगळं सांगायला नको. सहाव्या मजल्यावरच्या आजी दोन दिवस लिफ्टमधून कॅन नेत होत्या.

तीन कोटेशनं आली. पहिल्यात 'हेड ३० मीटर', दुसऱ्यात '३ किलो', तिसऱ्यात '४० पीएसआय'. हे तिसरं सगळ्यात स्वस्त. खजिनदार काका म्हणाले, "चाळीसवाला घ्या ना, सगळ्यात भारी पण आणि स्वस्त पण!" मीटिंगमध्ये माना डोलल्या.

आता गंमत बघा. वाळूजचा कुठलाही फिटर 'किलो' म्हणतो तेव्हा त्याला किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर म्हणायचं असतं. एक किलो म्हणजे पाण्याचा १० मीटर उंच खांब. हिशोब इतका सोपा आहे की पास्कल शाळेत शिकवूनही कारखान्यातून किलो काही जात नाही (आणि माझ्या मते जाऊही नये). एक बार त्याहून किंचित जास्त, १०.२ मीटर. पीएसआय, म्हणजे पंक्चरवाल्याचा 'पाऊंड', एका किलोत १४.२ बसतात.

म्हणजे पहिली दोन कोटेशनं एकच. आणि ४० पीएसआय म्हणजे जेमतेम २८ मीटर! आमच्या हौदाच्या तळापासून टाकीच्या तोंडापर्यंत २६ मीटर, वर पाइप आणि बेंडमध्ये घासून जाणारे दोन-तीन मीटर. भारी पंपाचं पाणी टाकीच्या दारातून परत फिरलं असतं :) तिघांनाही फोन करून सांगितलं, आकडा मीटरमध्ये द्या, आणि मिनिटाला किती लिटर असताना तेवढं हेड मिळतं तेही लिहा. हे दुसरं महत्त्वाचं, कारण पाणी वाढलं की हेड पडतं. पहिल्या दोघांतला स्वस्त घेतला.

आमच्या धंद्यात टेबलमध्ये नुसता 'प्रेशर' नावाचा कॉलम दिसला की मला धडकी भरते, ती याचसाठी. ४० कशाचे?

नंतर सहज जायकवाडीचा हिशोब मांडला. धरणाची पूर्ण पातळी पेपरात अजूनही फुटात येते, १५२२ फूट. म्हणजे ४६४ मीटर. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटरवर. धरण काठोकाठ भरलं तरी फरक १०४ मीटर, म्हणजे १०.४ किलो, १०.२ बार, १४८ पीएसआय. पैठणहून शहरापर्यंतच्या पाइपातलं घर्षण यात धरलेलंच नाही, आणि उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरली की उतरलेला प्रत्येक मीटर पंपालाच चढवावा लागतो.