जुना बाजार ते स्वयंपाकघर : एका सुरीचा प्रवास

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी कारकुनी नोकरीतला माणूस, त्यामुळे बुधवार माझ्या वाट्याला येत नाही. रविवार मात्र सहसा चुकवत नाही. स्टेशनकडून पायी निघालो की मालधक्का चौक, तेथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन आणि पुढे मंगळवार पेठ. थोडे चालले की रस्त्याच्या कडेला पोती आणि ताडपत्र्या अंथरलेल्या दिसू लागतात. बंद पडलेली घड्याळे, एकेरी बूट, पितळी कड्या, नळाच्या चाव्या, पंख्याची पाती, कोणाच्या तरी आजोबांचा चष्मा, सगळे एका पंगतीत. पैसेवाला येथे हौस म्हणून येतो आणि गरीब गरज म्हणून. भाव मात्र दोघांनाही करावाच लागतो.

याच जुन्या बाजाराच्या चौकात, शाहीर अमर शेख चौकात, ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहिरातीचा लोखंडी सांगाडा भर रस्त्यावर कोसळून चार माणसे गेली. अजूनही तेथून जाताना माझी मान आपोआप वर होते.

मी या बाजारात लोखंड शोधायला जातो, कारण मी सुऱ्या करतो. स्वयंपाकघरातल्या, भाजी चिरण्याच्या सुऱ्या. माझे शिक्षण बी. कॉम.पर्यंतचे. घरात कोणी लोहारकाम केलेले नाही. ही गोष्ट ऐकली की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "पण हे कशाला?" त्या 'कशाला'चे उत्तर आधी देतो.

आमच्या वस्तीतील काही भगिनींचा बचत गट पोळीभाजीचे काम करतो. चार वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या भोजनदानाचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. पहाटेपासून कांदे चिरणे चालले होते. मी हिशेबाची वही घेऊन बाजूला बसलो होतो. गटातील एका ताईंची सुरी कांद्याच्या सालीवरून घसरली आणि डाव्या हाताच्या बोटात खोल गेली. टाके पडले, बोट नीट वाकेना, महिनाभर त्यांचे काम बंद. रोजावर जगणाऱ्या घरात महिनाभर म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. मी ती सुरी हातात घेऊन पाहिली. पातळ पत्र्याची, कुठल्याशा गाडीवर घेतलेली, अंगठ्याला लागतच नव्हती अशी बोथट. धार असलेल्या सुरीला जोर लावावा लागत नाही. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेले पाते घसरले की त्याला वाटेत येईल ते कापते. ताईंचे बोट धारेने कापले नव्हते, धार नसल्यामुळे कापले होते.

आपल्या आया विळीवर चिरत होत्या. विळीचे पाते पायाखाली घट्ट बसलेले असते. हलते ती भाजी, आणि ती दोन्ही हातांत धरलेली असते. पुढे उभ्याचा ओटा आला, गॅस आला, गुडघ्यांना थोडा आराम मिळाला आणि विळी कपाटाखाली गेली. ओट्यावर हातात सुरी आली. पण विळी लोहाराने पाणी दिलेल्या पोलादाची असे, ही सुरी मात्र जाहिरातीतल्या चकचकीत पत्र्याची. बाईने बैठक बदलली, तिच्या हातात बरोबरीचे हत्यार काही कोणी दिले नाही. घरासाठी फ्रिज घेताना आपण चार दुकाने हिंडतो. सुरी मात्र रस्त्यावर, सुट्या पैशांत.

तर मी ठरवले की एक चांगली सुरी करून द्यायची. ठरवणे सोपे होते.

जुन्या बाजारात मला गाडीच्या पाट्याचा, म्हणजे ज्या पट्ट्यांवर ट्रक-जीपचा भार झेलला जातो त्या कमानीचा, एक तुकडा मिळाला. त्यात शंभर भागांस अर्ध्याहून थोडा अधिक भाग कार्बन असतो. खिडकीच्या गजांच्या साध्या लोखंडात तो फारच कमी, म्हणून गज कितीही घासला तरी त्याला टिकाऊ धार येत नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी या शहराला काय काय दिले त्याचे अनेक हिशेब मांडले जातात. त्यांच्या झिजलेल्या कानशी, तुटलेली करवतीची पाती आणि बेअरिंगची कडी भंगारातून अशा बाजारात येतात, हा हिशेब कोणी मांडत नाही. जुनी कानस तर पोलादाचा राजा. कार्बन शेकडा एकाच्या वर.

पहिली सुरी मी घराच्या मागच्या मोकळ्या जागेत कोळशाच्या शेगडीला पंखा लावून तापवली. ऐरण म्हणून एका मोडक्या यंत्राचा ठोकळा. पाते लाल झाल्यावर बादलीतल्या थंड पाण्यात बुडवले, कारण लहानपणापासून ऐकले होते की हत्याराला 'पाणी पाजतात'. बारीकसा 'टिक्' आवाज झाला. बाहेर काढले तर धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी रेघ. पाते तडकले होते. दुसऱ्या वेळी तडकले नाही, पण हातातून फरशीवर पडले आणि काचेसारखे दोन तुकडे झाले.

मी दोन तुकडे खिशात घालून फिरू लागलो. रस्त्याकडेच्या एका मैदानात घिसाडी समाजाचे कुटुंब उतरले होते. शासनाच्या यादीत ही भटकी जमात. विळे, खुरपी, कुऱ्हाडी करून विकत गावोगाव फिरायचे, हेच त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे आयुष्य. नवरा सांडशीत लोखंड धरून बसलेला आणि बायको उभी राहून घण घालते आहे, लहान मूल भात्यापाशी, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. पाहून पुढेही गेलो आहोत. मी त्या दिवशी बसलो. म्हाताऱ्या बाबांनी माझे तुकडे उलटसुलट पाहिले, तुटलेल्या जागेचा दाणा नखाने चाचपला आणि म्हणाले, "लई तापवलंय साहेब. उन्हात बसून तापवता का?"

मी उन्हातच बसत होतो. भर उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग फिका दिसतो, म्हणून माणूस फसतो आणि आणखी तापवतो. बाबांची भट्टी कापडाच्या आडोशाला होती, ती ऊन लागू नये म्हणून नव्हे, रंग दिसावा म्हणून. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी की पाट्याला पाणी मानवत नाही, तेल द्यावे. तिसरी, पाजल्यावर लोखंड 'चिडलेले' असते, त्याला पुन्हा हलके शेकून शांत करावे लागते. पुस्तकात हेच निराळ्या शब्दांत आहे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादाचे चुंबकाशी असलेले नाते सुटते. पाते चुंबकाला चिकटेनासे झाले की त्याहून थोडेसे अधिक तापवायचे आणि कोमट तेलात सरळ बुडवायचे. मग सुमारे २०० अंशांवर दोन तास शेकायचे. घासून उजळ केलेल्या पात्यावर फिकट गवताचा पिवळा रंग चढला की झाले. आमच्या घरात केक करण्याची छोटी भट्टी आहे, तिच्यात मी हे करतो. सौभाग्यवतीने त्यासाठी रविवार दुपारची वेळ ठरवून दिली आहे.

मला लोक स्वयंशिक्षित म्हणतात. मी त्यावर फारसे बोलत नाही. बाबांनी शिकवणी घेतली नाही आणि शुल्कही मागितले नाही. चहा मात्र त्यांनी पाजला, मी देऊ केला तेव्हा आधीच मागवलेला होता. पुढच्या महिन्यात गेलो तर मैदान रिकामे.

कोळसा आणि लोखंड झाले, बाकी सामान पेठांत. रविवार पेठेतील बोहरी आळीत कानशी, घासकागद, कुरुंदाचे दगड, खिळे असे सगळे मिळते. दुकानदार दोन मिनिटांत ओळखतो की समोरचा कारागीर आहे की हौशी, आणि भावही त्याप्रमाणे सांगतो. मुठीच्या खिळ्यांसाठी मी कसबा पेठेत तांबट आळीत गेलो. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या कारागिरांची ही आळी. भांड्याच्या अंगावर हातोडीने एकसारखे ठोके उमटवण्याच्या कामाला तेथे मठारकाम म्हणतात. बोलणे ऐकू येत नाही, तरी माणसे एकमेकांशी बोलत असतात. तेथे एक उलटी गंमत कळली. तांबे ठोकले की कडक होते आणि तापवून पाण्यात बुडवले की मऊ पडते. पोलाद मात्र तापवून पाण्यात बुडवले की कडक होते. एकाच आगीतून आणि एकाच पाण्यातून जाऊन दोन धातू दोन स्वभावांचे होतात.

तिसरी सुरी न तडकता झाली. सहा मिलिमीटरचा पाटा, शिसवी मूठ, तांब्याचे तीन खिळे. मला फार अभिमान वाटला. कागद धरला तर नुसत्या वजनाने कापत होती. ती घेऊन मी ताईंकडे गेलो. त्यांनी दोन कांदे चिरले, सुरी खाली ठेवली आणि मनगट चोळत म्हणाल्या, "भाऊ, हे हत्यार झालं. सुरी कुठाय?" वजन केले, तीनशे ग्रॅमच्या वर भरली. त्यांना रोज पंधरा-वीस किलो कांदा चिरायचा असतो.

मग मी मंडईत जाऊन उभा राहिलो. १८८६ साली बांधलेली ही अष्टकोनी इमारत मूळची गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाची. आज ती महात्मा फुले मंडई आहे. जोतीराव १८७६ ते १८८२ नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा अशा बाजारावर मोठी रक्कम घालण्यास त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर जावा, हे त्यांचे म्हणणे. पुढे तिलाच त्यांचे नाव मिळाले, आणि त्यात आचार्य अत्र्यांचा पुढाकार होता. मी मात्र त्या दिवशी फक्त हात पाहत होतो. सुरण आणि लाल भोपळा कापणाऱ्यांची सुरी लांब आणि जड, कारण ती वजनाने उतरते. फरसबी निवडणाऱ्या बाईंची सुरी बोटभर रुंद, झिजून झिजून पातळ झालेली, आणि तीच सर्वांत भरभर चालत होती. पाठीला दोन मिलिमीटर आणि धारेकडे कागदासारखे, हे मला तेथे उमगले. चौथ्या सुरीसाठी मी जुन्या बाजारातून कारखान्यातील करवतीचे तुटके पाते आणले. आपल्याकडे चामड्याचे काम करणारे बांधव अशाच पात्याची रापी करतात. ते आधीच कडक असते, भट्टीची गरज नाही. दगडावर बेताने घासायचे, एवढेच.

दरम्यान दोन प्रश्न उभे राहिले. २०२३ च्या आरंभी पुण्यात 'कोयता गँग'च्या बातम्या रोज येत होत्या. कोणीतरी चौकीत कळवले की अमुक घरी रात्री सुऱ्या बनतात. चौकशी झाली. मी वही आणि सुऱ्या दोन्ही दाखवल्या. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांवर बंधन आहे, आणि घरगुती, शेतीच्या व कारखान्याच्या कामाची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. माझे पाते सहा इंचांचे. प्रकरण तेथेच मिटले. पण मन खट्टू झाले. ऊसतोडीच्या करारात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. ज्यांच्या हातातले ते अवजार, त्यांची बातमी कोणी दिली नाही.

दुसरा प्रश्न घरातून आला. आमच्या मुलीने विचारले, "बाबा, सम्यक आजीविकेत शस्त्रांचा व्यापार वर्ज्य आहे ना?" अंगुत्तर निकायात उपासकाने टाळायचे पाच व्यापार सांगितले आहेत, त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिला. मला पटकन उत्तर सुचेना. विहारात भन्तेजींना विचारले. ते म्हणाले, चुंद कोण होता? चुंद कम्मारपुत्त, लोहाराचा मुलगा. त्याच्याकडे तथागतांनी शेवटचे भोजन घेतले, आणि त्याला कोणी दोष देऊ नये असे आनंदाला आवर्जून सांगितले. मग त्यांनी माझी सुरी हातात घेतली, पाहिली आणि म्हणाले, ज्याला देतोस त्याला तू ओळखतोस का?

तेव्हापासून मी नियम केला. अनोळखी माणसाला सुरी देत नाही, टोक काढत नाही, पुढची बाजू गोल ठेवतो. कांदा चिरायला टोक लागतच नाही. पैसे सामानाच्या खर्चापुरतेच.

ज्यांच्या घरी साध्या पोलादाची सुरी आहे त्यांनी लिंबू, चिंच, कैरी चिरून ती तशीच ठेवू नये, काळी पडते आणि गंजते. लगेच धुऊन पुसावी, आठवड्याने खोबरेल तेलाचा हात फिरवावा. धार गेली तर निसण्यावर, आणि निसणा नसेल तर कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर, पाते थोडे उचलून दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा ओढावे.

चौथी सुरी ताईंनी ठेवून घेतली. वजन एकशेदहा ग्रॅम. त्यांचे ते बोट अजून पुरते वाकत नाही, म्हणून मूठ थोडी जाड करून मागितली आहे, आणि गटातल्या दुसऱ्या एक ताई डावखुऱ्या आहेत, त्यांचीही मागणी आहे. डावखुऱ्या हातासाठी धार कोणत्या बाजूने काढायची हे मी अजून करून पाहिलेले नाही. रविवारी जुन्या बाजारात जाऊन आणखी एखादे पाते मिळते का ते बघतो.