तीर्थनच्या काठी

हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यात तीर्थन नावाची लहानशी नदी आहे. बर्फाचे पाणी घेऊन ती देवदारांच्या अरण्यातून उतरते व लारजी येथे बियासला मिळते. तिच्यात, व तिच्या ओढ्यांत, ट्राउट मासा राहतो. तो मूळचा आपल्या देशाचा नव्हे. इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, तो कुलूच्या नद्यांत सोडण्यात आला.

जाळे ओढून टोपल्या भरणाऱ्या आपल्या कोळीबांधवांना तेथील गळ पाहून हसू येईल. ना गांडूळ, ना कोळंबी! पिसे व धागा गुंडाळून केलेली खोटी माशी, एवढेच आमिष. माशीला वजन नसते, म्हणून दोरी जड घ्यावयाची व ती मागेपुढे झुलवून माशी अलगद पाण्यावर उतरवावयाची. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून खडकाच्या आडोशास असतो. तेव्हा खालच्या अंगाने, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता जावे. आधी एखादा दगड उलटावा व त्याखाली दिसणाऱ्या किड्यांसारखी माशी बांधावी. सारे सुख या पाहण्यातच आहे, असे आमचे मत. मासा लागलाच, तर बहुधा वीतभर निघतो. हात ओले करून त्यास सोडावे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो.

या नदीवर विजेचे प्रकल्प व्हावयाचे होते. ट्राउटला थंड, खळाळते पाणी हवे. बोगद्यात वळविलेल्या नदीच्या कोरड्या पात्रात तो कसा जगणार? काठच्या लोकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले, प्रकल्प रद्द झाले. शेजारच्या सैंज नदीचे पाणी मात्र बोगद्यांतून वीजघरांकडे जाते.