बिऱ्हाड

महाड-पोलादपूरकडे पोरगा मुंबईला एकटा राहत असेल तर त्याची 'खोली' असते. बायको तिथे राहायला गेली की त्याच खोलीचं 'बिऱ्हाड' होतं. भिंती त्याच, भाडं तेच, नळाची वेळही तीच, तरी शब्द बदलतो. गंमत अशी, की बिऱ्हाड म्हणजे मुळात तात्पुरता मुक्काम. विंचवाचं तर पाठीवरच असतं. तात्पुरत्या मुक्कामाचा शब्द भाषेने संसाराला दिला, यात मला मोठा शहाणपणा दिसतो. परमुलखात जोडप्याला आधी एकमेकांसोबत राहायचं असतं, जागा कुठली हे नंतर.

ही सोबत किती महाग होती, ते गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या सांगतात. 1921च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास बायका होत्या. उरलेल्या गावी शेती, गुरं आणि मनिऑर्डरची वाट सांभाळत होत्या. खोली एका माणसाची नसे, गावाची असे. भिंतीला ज्याचा त्याचा खिळा, खिळ्याला सदरा, खाली पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर वळकटी. पाळीवरून आलेला आडवा होई, तेव्हा त्या जागेवरचा दुसरा पाळीला निघालेला असे. जेवण खानावळीत. बेकार झालेल्याला दोन महिने जेवू घालण्याची माणुसकी त्या खोलीत होती, हे कबूल. पण त्या माणुसकीचे गोडवे गाताना चुलीपाशी एकटी राहिलेली बाई हिशेबातून निसटते. म्हणून नालासोपारा, दिवा, कळंबोली इथली अडीचशे-तीनशे चौरस फुटांची घरं मला गावकीच्या खोलीपेक्षा मोठी वाटतात. त्यांना आतून लावायची कडी असते.

कोणी म्हणेल, यात भावना कसली, जिथे परवडतं तिथे माणूस जातो. जागेच्या भावावरून माणूस शहराबाहेर का गेला ते कळतं; कुठल्या बाजूला गेला ते कळत नाही. गोव्याचा महामार्ग पनवेलजवळ पळस्पे फाट्यावरून निघतो, दिव्याहून सुटणारी सावंतवाडीची गाडी वीरला थांबते, आणि वीर म्हणजे महाडचंच स्टेशन. शिमगा-गणपतीला दिवा-कळंबोलीहून मुंबई न ओलांडता गाव गाठता यावं, हा हिशेब घराच्या भाड्यात दिसत नाही, पण असतो. आखातातही सोबतीचा हिशेब असाच. महाडच्या सावित्री नदीकाठची माणसं पिढ्यान्‌पिढ्या समुद्रापलीकडे कमावत आली. अमिरातीत बायकोला बोलवायचं तर पगार चार हजार दिरहम हवा, किंवा तीन हजार आणि राहायची जागा. म्हणजे बिऱ्हाडाचा आकडा तिथे कायद्यानेच ठरवलेला. तो गाठला तरी दुबईचं भाडं झेपत नाही. मग नोकरी दुबईत आणि घर शारजात. 2009 साली सुरू झालेली दुबईची मेट्रो शारजापर्यंत येत नाही, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ गाड्यांच्या रांगेत. शारजा हा त्यांचा नालासोपाराच.

खरा आक्षेप वेगळाच आहे: सोबतीसाठी लांब घर घेतलं आणि ती सोबत प्रवासानेच खाल्ली, तर मिळवलं काय? याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. थकून का होईना, रात्री घरी येणारा माणूस मनिऑर्डरीपेक्षा बरा. उरलेलं अर्धं उत्तर घर घेतानाच शोधावं लागतं. भाडं दोघं मिळून मोजतात, स्टेशनपासूनचं अंतरही मोजतात. पण ते बहुधा कमावत्याच्या पावलांनी. घरी राहणारीच्या वाट्याची मुलांची शाळा, दवाखाना, पाणी, बोलायला शेजारीण आणि पुढेमागे नोकरी करायची झाली तर तिचाही प्रवास, हे कागदावर येतच नाही. तेव्हा परमुलखात गाव निवडायला निघालेल्या जोडप्यांनो, एजंटाला आगाऊ रक्कम देण्याआधी एवढं करा: त्या घरातला एक साधा मंगळवार, सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत, दोघांचाही वेगवेगळा लिहून काढा.