एकटा दर्यावर्दी आणि आपली पेरणी



आपला वाशीम जिल्हा समुद्रापासून फार दूर. तरी आपला पाऊस तिकडूनच येतो, म्हणून आज एका दर्यावर्दीची गोष्ट सांगतो.

नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकटेच निघाले. बोट गोव्यात बांधलेली, लांबी अवघी 56 फूट. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे आणि केपटाऊन येथे तेवढे थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून 19 मे 2010 रोजी ते मुंबईला परतले. एकट्याने शिडाच्या बोटीतून अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

त्यांचे धाडस मोठेच. पण मला त्यांची तयारी अधिक मोलाची वाटते. बोट बांधण्याच्या कामात ते आरंभापासून होते. भर समुद्रात काही मोडले तर मिस्त्री कोठून आणणार? वाऱ्याशीही हट्ट चालत नाही. वादळ आले की शीड आवरावे लागते.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? गावोगाव फिरताना मी दरवर्षी पाहतो, मृगाचा शिडकावा झाला की कोणी तरी तिफण काढतोच. मग पाऊस दडी मारतो, दुबार पेरणी येते आणि कर्ज घरात शिरते. आभाळ आपल्या हाती नाही, तयारी आहे. सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहा. निदान 70 उगवले पाहिजेत. बियाण्याला बीजप्रक्रिया करा. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत दम धरा. शेजाऱ्याची तिफण चालली तरीसुद्धा!