अब्बांची वही आणि दहा नोंदी

भाचीचा फोन आला तेव्हा मी इशाची नमाज आटोपून जेवायला बसलो होतो. "मामू, सोमवारपर्यंत दहा नोंदींची सटीप संदर्भसूची द्यायचीय. नावं जमवलीत. पण टीप म्हणजे नेमकं काय लिहायचं?"

समाजकार्यात एमए करतेय ती. विषय तिनंच निवडलाय : 1993 च्या भूकंपानंतरचं सास्तूरचं पुनर्वसन. तिचा जन्म नंतरचा. आमच्या घरात त्या पहाटेबद्दल कुणी बोलत नाही. बहुतेक म्हणूनच घेतला असावा.

तिनं लिहिलेल्या टिपा वाचल्या. दहापैकी सात ठिकाणी 'हा ग्रंथ अत्यंत उपयुक्त व माहितीपूर्ण आहे.' मला हसू आलं. माझ्या विद्यार्थिदशेत हेच वाक्य मी किती पानांना पुरवलं होतं!

तिला म्हटलं, बेटा, पुस्तक चांगलं की वाईट हे कुणी विचारलेलं नाही. कोण सांगतंय, कशाच्या आधारावर सांगतंय, काय सांगत नाही आणि तुझ्या प्रश्नाला त्यातलं काय लागू पडतं, एवढं पाच-सहा वाक्यांत लिही. मृतांचा आकडाच घे. शासनाच्या हिशेबात 7,928, तर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या नोंदीत 9,748. यातला एक आकडा उचलून पुढं गेलीस तर ती नुसती यादी झाली. दोन्ही कुठून आले हे लिहिलंस तर टीप झाली.

सालही तितकंच महत्त्वाचं. भूकंपापूर्वीच्या नकाशात आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. 2002 मध्ये ते क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. तेव्हा जुना लेख चुकीचा म्हणून टाकायचा नाही, पण तो कधीचा आहे हे टिपेत आलंच पाहिजे. शोधतानाही तेच. नुसतं 'सास्तूर' टाकलं तर फारसं हाती लागत नाही. किल्लारी, लातूर, उस्मानाबाद अशा नावांनी शोधावं लागतं. 'धाराशिव' टाकशील तर जुनं काहीच मिळायचं नाही. आणि आज गाव लोहारा तालुक्यात असलं तरी तेव्हाच्या कागदांत ते उमरगा तालुक्यात आहे.

पुनर्वसनाला जागतिक बँकेचं कर्ज होतं. त्या प्रकल्पाच्या अहवालात घरांचे तीन आकार सापडतात : 250, 400 आणि 750 चौरस फूट. ज्याची जमीन जास्त, त्याचं घर मोठं. भूमिहीनाला 250. ती म्हणाली, "मामू, म्हणून आपलं घर एवढं लहान?" म्हणून. आमच्याकडे शेत नव्हतं, पण दगडमातीचं माळवदाचं घर ऐसपैस होतं. त्याच माळवदानं माणसं मारली हे इंजिनियरांच्या लेखांत आहे आणि ते खरंच आहे. पण त्या माळवदाखाली किती माणसं एकत्र राहत होती आणि नव्या घरात ती मावली का, ते त्या लेखांत नाही. मी म्हटलं, हे 'नाही' टिपेत लिही. अहवाल कर्ज देणाऱ्याचा आहे, हेही लिही. त्यानं अहवाल खोटा ठरत नाही.

नऊ नोंदी झाल्या. दहावी तिनं वगळली होती. ती अब्बांची वही होती.

अब्बांनी त्या आठवड्यात कब्रस्तानात दफन झालेल्यांची नावं उर्दूत लिहून ठेवली होती. शास्त्रज्ञांच्या लेखांत वेळ पहाटे 3 वाजून 56 मिनिटं आहे, वहीत 'फजरच्या अजानआधी'. पावसाचे डाग पडलेत. भाची मराठी माध्यमात शिकलेली, तिला ती लिपी येत नाही. आणि तिचं म्हणणं, "घरचीच वही, मामू. सर म्हणतील, बायस आहे."

म्हटलं, मग तेच लिही. अप्रकाशित, खाजगी संग्रह, लिहिणारा संशोधकाचा आजोबा, वाचून मराठीत सांगणारा मामा. फक्त मुसलमानांची नावं आहेत, म्हणजे ही गावाची यादी नव्हे. चितांवर गेलेल्यांची नोंद दुसऱ्या कुणी ठेवली असेल तर तीही शोध. आणि परिशिष्टात नावं छापू नकोस. त्यांची माणसं अजून गावात आहेत, त्यांना विचारल्याशिवाय नाही.

रविवारी ती घरी आली. मी एकेक नाव वाचत गेलो, ती उतरवत गेली. प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गल्ली. दुसऱ्या पानाच्या तळाशी एका ओळीत फक्त 'छोटी.' बापाचं नाव नाही, गल्ली नाही.

ती थांबली. "हे कोण?"

"तुझी खाला. माझ्या पाठची."

"नाव काय होतं?"

मी सांगितलं. ते नाव कित्येक वर्षांत माझ्या तोंडून निघालं नव्हतं. अम्मी आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबल्याचं ऐकू आलं, मग पुन्हा सुरू झाला.

भाचीनं नाव कागदाच्या कडेला पेन्सिलनं लिहिलं. जरा वेळ बघत बसली. मग विचारलं, "टिपेत घालू?"

मी म्हटलं, तू ठरव.

सोमवारी पाठवण्याआधी तिनं दहावी टीप मला दाखवली. शेवटचं वाक्य असं होतं : 'एका नोंदीत केवळ घरातलं हाकेचं नाव आहे. पूर्ण नाव संशोधकाला माहीत आहे, परंतु लेखकानं ते लिहिलेलं नसल्यानं मूळ नोंद आहे तशी ठेवली आहे.'

मी फक्त एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली.