पानाचा डबा

आमच्या चिपळूणच्या घरात रात्रीची जेवणं आटोपली, खरकटं काढून झालं, की साडेआठच्या सुमाराला एक आवाज ठरलेला असतो. पितळी कडी निघाल्याचा. तो ऐकला की बाबा वर्तमानपत्राची घडी घालतात आणि आई तांब्याभांडं घेऊन येते. डबा उघडलेला असतो.

डबा आजीचा. वीतभर लांब, चार बोटं उंच, कोपरे झिजून गोलसर झालेले. झाकणावर मोर कोरलाय. दोन पिढ्यांचे अंगठे फिरून त्याची मान पुसट झालीये. आत दोन मजले आहेत. वर सहा खणांचं उचलून ठेवता येणारं ताट आणि खाली पानं ठेवायची मोकळी जागा. तिसऱ्या खणाला नाक लावलं तर लवंगेचा वास अजून येतो.

आजीच्या काळात हा डबा घरातला मानकरी होता. आलागेला त्याच्यासमोर बसल्याशिवाय उठत नसे. आजीच्या हाताला माप होतं. चुना करंगळीच्या टोकावर मावेल तेवढाच, आणि तोही माणूस बघून. कमी पडला तर विडा रंगत नाही, जास्त झाला तर तोंड भाजतं, असं ती सांगायची. आम्हा पोरांना त्या खणाला हात लावायची मुभा नव्हती. आजी गेली आणि विडाही गेला. सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ती सवय कुणी पुढे चालवली नाही. डबा काही वर्षं कपाटात मुका पडून होता.

त्याला पुन्हा बोलतं केलं आईने. तिला कॅल्शियम सुरू झालं, मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्या बाबांचं बी-12 कमी निघालं, मग ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल आली. इतके खण रिकामे असताना गोळ्या फ्रिजवरच्या ताटलीत कशाला, म्हणून तिने सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोडवून एकेका खणात ओतल्या. सुपारी भरावी तशा.

पहिल्याच पावसाळ्यात डब्याने नापसंती दाखवली. कोकणातला आषाढ म्हणजे मिठाला पाणी सुटतं, पापड दुपारपर्यंत मऊ पडतो. गोळ्यांवर ठिपके उमटले. लोहाच्या गोळ्यांचं लाल साखरेचं कवच पितळेला चिकटून बसलं. शिवाय पाकिटाबरोबर गोळीचं नावही गेलं होतं आणि मुदतीची तारीखही. त्या गोंधळात बाबांनी आठवड्यातून एकदा घ्यायची 60,000 युनिटची ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल लागोपाठ चार दिवस घेतली. रोजच्या गोळीशेजारी ती उघडी पडलेली होती, चूक त्यांची तरी कशी म्हणायची?

डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम तपासलं. सुदैवाने ते ठीक होतं. पण त्यांनी आईला समोर बसवून समजावलं, “काकू, ड जीवनसत्त्व लघवीवाटे सहज निघून जात नाही, शरीरात साठतं. ते फार झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि त्याचा त्रास मूत्रपिंडाला होतो.” घरी येऊन आई डब्याकडे बघत म्हणाली, “सासूबाईंना चुन्याचं माप कळत होतं. मला गोळीचं कळलं नाही.”

त्या दिवसापासून डब्याला शिस्त आली. आता खणात गोळी पाकिटासकटच जाते. पाकिटाच्या ज्या टोकाला तारीख छापलेली असते ते टोक सर्वांत शेवटी फोडायचं. पाकिटात न येणाऱ्या गोळ्या त्यांच्या मूळ बाटलीतच राहतात, ओल शोषणाऱ्या पुडीसकट. डबा फ्रिजवरून आणि गॅसच्या शेजारून हलला, कारण तिथे ऊब असते. तो आता मधल्या खोलीतल्या कपाटात, कोरड्या अंधारात बसतो. झाकणाच्या आत आईने कागद चिकटवलाय. त्यावर चार रकाने आहेत : कुणाला, काय, किती वाजता, कधीपर्यंत.

‘किती वाजता’ हा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागला. आईची थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी असते, कॅल्शियमने तिचा परिणाम कमी होतो, म्हणून दोन्हींत निदान चार तासांचं अंतर हवं. तिचं कॅल्शियम कार्बोनेटचं, ते पोटात अन्न असताना चांगलं पचतं, म्हणून ते रात्रीच्या जेवणानंतर. ड जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, ते रविवारी, जेवणाला लागूनच, कपभर सायीच्या दुधाबरोबर. वहिनीची लोहाची गोळी मात्र कॅल्शियमच्या, दुधाच्या आणि चहाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. ती झोपायच्या आधी, लिंबाच्या पाण्याबरोबर. कुणाला काय सुरू करायचं हे डॉक्टर ठरवतात, शेजारच्या काकू नाहीत. आणि नाचणीची भाकरी, तीळ, पालेभाजी ताटात राहतातच. पूरक गोळी ताटात उणं राहिलेलं भरते, ताटाची जागा घेत नाही.

वहिनीला दुसऱ्यांदा दिवस गेलेत. आरोग्य केंद्रातून मिळालेल्या तिच्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आहे. त्या फॉलिक ॲसिडची गोष्ट आपल्या मुंबईपर्यंत जाते. 1928 मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर तिथे आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का आटतं, याचा त्यांनी माग काढला आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बऱ्या होतात हे 1931 मध्ये जगापुढे मांडलं. त्या अर्कातलं मूळ द्रव्य म्हणजे फॉलिक ॲसिड. 1941 मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं, म्हणून त्याचं नाव लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून पडलं. वहिनीचं पाकीट खालच्या मजल्यावर असतं, जिथे आजी विड्याची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. मला ती जागा आता पुन्हा पानाच्याच हक्काची वाटते.

घरात तीन वर्षांचा पुतण्या आहे. आपल्या भाषेत औषधालाही गोळी म्हणतात आणि लिमलेटलाही. लाल, गोड कवचाची लोहाची गोळी त्याला खाऊच वाटणार, आणि तशा मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. म्हणून डबा कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर गेला, किल्ली आईच्या कमरेला आली आणि गोळीला ‘खाऊ’ म्हणायचं नाही असं घरात ठरलं. आजी चुन्याचा खण आमच्यापासून जपायची, तसंच.

गेल्या आठवड्यात बाबांचा ड जीवनसत्त्वाचा कोर्स संपला. तपासणी झाली, डॉक्टर पुरे म्हणाले. बाबांनी विचारलं, “अगं, असू दे की चार जास्तीच्या, कधी लागल्या तर?” आईने मान हलवली. ‘कधीपर्यंत’च्या रकान्यात बरोबरची खूण केली, तो खण कोरड्या फडक्याने पुसला आणि रिकामाच ठेवून कडी लावली.